आगगाडीने थायलंड : सॅक पाठीवर टाकून पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

थाई भाषेत रेल्वेला ‘रोत फाय’ म्हणतात. रोत म्हणजे आपला रथ आणि फाय म्हणजे आग. माझी आजी जिला आगगाडी म्हणायची, तीच ही. स्टेशनला ‘सथानी’ म्हणतात, त्यात आपलं ‘स्थान’ दडलेलं आहे. पाटीवरची लिपी वाचता येत नसली तरी गावांची नावं कानावर पडली की ओळखीची वाटायला लागतात. अयुथ्थया म्हणजे अयोध्या, फित्सनुलोक म्हणजे विष्णुलोक, कांचनाबुरी म्हणजे कांचनपुरी, सुखोथाय म्हणजे सुखाचा उदय. या देशात रेल्वेने फिरावं असं मला वाटतं त्याचं हे एक कारण. दुसरं कारण असं की विमानाने बँकॉक, फुकेत, पट्टाया करून परतलेल्या माणसाला मधला देश दिसतच नाही.

हा लेख दोन-तीन आठवड्यांची सवड काढून पहिल्यांदाच एकटं किंवा दुकटं निघणाऱ्यांसाठी आहे. माझा सगळा अनुभव एका नियमात बसतो: सकाळ पायांना, दुपार बसला, रात्र रेल्वेला. तिथलं ऊन आपल्या विदर्भासारखं कोरडं नसतं. हवेत ओल असते, घाम वाळत नाही आणि बारा ते चार या वेळात पाठीवर आठ किलो घेऊन चालणारा माणूस दोन दिवसांत आजारी पडतो. म्हणून आधी उन्हाचं वेळापत्रक बघायचं आणि गाडीचं त्यात बसवायचं.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सुखाचा काळ. मार्चपासून तापायला लागतं आणि एप्रिलमध्ये उत्तरेकडे पारा चाळीशीला टेकतो. त्यातच फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान चियांग माय आणि आसपासच्या डोंगरांत शेतं आणि रान जाळल्याचा धूर साठतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या दिवसांत उत्तरेकडे जाऊच नये. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान असतो, म्हणजे थाई नववर्ष. अख्खा देश गावी जायला निघतो, आपल्याकडे गणपतीत कोकणात जायला निघतो तसा. त्या आठवड्यात ऐनवेळी रेल्वेचं तिकीट मिळेल अशी आशा ठेवू नका.

मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, पण तो बहुधा दुपारी कोसळतो आणि थांबतो, त्यामुळे फिरणं अडत नाही. समुद्राचं मात्र नीट बघून ठरवा. पश्चिमेचा अंदमानी किनारा, म्हणजे क्राबी आणि फुकेत, या महिन्यांत खवळलेला असतो. पूर्वेकडच्या आखातातली सामुई आणि फांगान ही बेटं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये भिजतात. महिना बघून किनारा निवडायचा.

निघण्याआधीचे कागद

भारतीयांसाठीचे थायलंडचे व्हिसाचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत. विमानाचं तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या किंवा मुंबईतल्या त्यांच्या वाणिज्य दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजा नियम वाचा. मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी कसा गेला होता, ते इथे उपयोगी पडत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट, पहिल्या दोन रात्रींच्या मुक्कामाचं बुकिंग आणि पुरेशा पैशांचा पुरावा हाताशी ठेवा. विमानतळावर विचारतीलच असं नाही, पण विचारलं तर फोनमध्ये शोधत बसण्याची ती जागा नव्हे.

१ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारं पान उघडलं असेल तर ते सरकारी नाही, बंद करा. प्रवास विमा काढा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं नेत असाल तर ती चिठ्ठी सोबत ठेवा. आणि व्हेप किंवा ई-सिगारेट अजिबात नेऊ नका, तिथे त्यावर बंदी आहे.

सॅक

चाळीस लिटरची सॅक पुरते. भरून वजन आठ किलोच्या वर जात असेल तर काहीतरी काढा. सुती किंवा चटकन वाळणारे तीन जोड, एक पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, गुडघे झाकणारी एक विजार, चालण्याच्या सँडल. टॉवेलऐवजी पंचा न्या. पंचा अंग पुसायला होतो, उन्हात डोक्याला गुंडाळता येतो, देवळात खांद्यावर टाकता येतो, रात्रीच्या गाडीत पांघरता येतो आणि तासाभरात वाळतो. थाई खेड्यांतली माणसं चौकटीचं असंच एक सुती कापड कमरेला बांधून असतात. ते बघितलं की पंचा आणल्याचं समाधान वाटतं.

याशिवाय एक स्वेटर किंवा जाड जाकीट हवंच. उष्ण देशात जाताना हे सांगणं विचित्र वाटेल, पण तिथल्या वातानुकूलित गाड्या रात्री इतक्या गार करतात की माझ्या पहिल्या प्रवासात मी अंगावर दोन शर्ट चढवून, सॅक छातीशी धरून रात्र काढली. ओआरएसची दहा पाकिटं, डासांचं मलम, शिट्टी आणि छोटं कुलूप एवढं टाका. बाकी काही विसरलात तर गल्लीच्या तोंडाशी सेव्हन-इलेव्हन नावाचं दुकान असतंच.

बँकॉकला उतरल्यावर : कुठलं स्टेशन, कुठला स्टँड

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथे चुकतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

बँकॉकमध्ये तुमच्या कामाची तीन रेल्वे स्टेशनं आहेत. पहिलं क्रुंग थेप अफिवत. बांग स्यू भागातलं हे प्रचंड नवं स्टेशन आहे. १९ जानेवारी २०२३ पासून उत्तर, ईशान्य आणि दक्षिणेकडच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या इथून सुटतात. दुसरं हुआ लम्फोंग, १९१६ सालचं कमानदार छताचं जुनं स्टेशन, जिथून साध्या आणि जवळच्या गाड्या अजून निघतात. ही दोन्ही मेट्रोच्या निळ्या मार्गावर आहेत, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे जाता येतं, पण त्यात बराच वेळ जातो. तिसरं थोनबुरी. नदीपलीकडचं हे छोटं स्टेशन कांचनाबुरीच्या गाडीसाठी लागतं. तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा आणि तिथेच जा.

डॉन म्युआंग विमानतळावर उतरलात तर लाल मार्गाची लोकल थेट क्रुंग थेप अफिवतला नेते. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल्वेने मक्कासानला या, तिथून चालत फेत्चाबुरी मेट्रोला जा आणि निळ्या मार्गाने बांग स्यू गाठा. टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा हे सोपं आहे.

बसचेही मोठे स्टँड तीन. उत्तरेसाठी मो चित, पूर्वेसाठी एक्कमाय आणि दक्षिणेसाठी ताय माय (पूर्ण नाव साय ताय माय). मो चित नावाचं स्काय ट्रेनचं स्टेशनही आहे. तिथे उतरलं की स्टँड समोरच असेल असं मी धरून चालले होते. तो तिथून दोन-तीन किलोमीटर आत आहे. सॅक घेऊन भर दुपारी धावले आणि माझी बस डोळ्यांदेखत गेली. ताय माय तर नदीच्या पश्चिमेला, शहराच्या टोकाला आहे. तिकडे जायला एक तास धरा, संध्याकाळी दीड.

तिकीट कसं काढायचं

रेल्वेचं अधिकृत ऑनलाइन आरक्षण डी-तिकीट नावाच्या संकेतस्थळावर होतं. आपली कार्डं तिथे कधी चालतात, कधी चालत नाहीत. चालली नाहीत तर कुठल्याही मोठ्या स्टेशनच्या खिडकीवर पासपोर्ट घेऊन जा. कामापुरतं इंग्रजी तिथे बोलतात. कमिशन घेणारी खासगी संकेतस्थळंही आहेत. पैसे थोडे जास्त जातात, पण सोंगक्रान किंवा डिसेंबरअखेरीस मी तो खर्च आनंदाने करेन.

आधी आरक्षण करायचं ते फक्त रात्रीच्या शयनयानाचं. दिवसाच्या साध्या गाडीला, म्हणजे ‘रोत थम्मदा’ला, आरक्षण नसतंच. स्टेशनवर जायचं, तिकीट घ्यायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं. तिकिटावर २५६८ किंवा २५६९ असं साल दिसलं तर घाबरू नका. तिथे बौद्ध संवत वापरतात, तो आपल्या इसवी सनापेक्षा ५४३ वर्षांनी पुढे आहे.

पहिला प्रवास : अयुथ्थया

पहिला प्रवास छोटा करा आणि तिसऱ्या वर्गाने करा. अयुथ्थया बँकॉकपासून रेल्वेने सत्तरेक किलोमीटर आहे. साध्या गाडीला दीड ते दोन तास लागतात आणि भाडं वीस बाटांच्या आसपास असतं. बाट आपल्या साधारण अडीच-तीन रुपयांचा धरा, म्हणजे दोन वडापावांच्या पैशात तुम्ही एका जुन्या राजधानीला पोचता.

सकाळी सातच्या आसपास निघा. डब्यात छताला पंखे, खिडक्या वर सरकवलेल्या, समोरासमोर बाक. गाडी उत्तरेकडे जात असल्यामुळे सकाळचं ऊन उजवीकडून येतं, तेव्हा डाव्या बाजूला बसा. दुपारनंतर दक्षिणेकडे परतताना ऊन पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा उजवीकडून येतं, तेव्हाही डावीकडेच. एवढी गोष्ट लक्षात ठेवली तरी प्रवास निम्मा थंड होतो.

शहर मागे पडलं की भाताची खाचरं सुरू होतात. बायका डब्यातून टोपल्या घेऊन फिरतात. कोळशावर भाजलेली कोंबडी, केळीच्या पानातला चिकट भात, उकडलेल्या शेंगा, कापलेला आंबा. पाच-दहा बाटांची चिल्लर हाताशी ठेवा, हजाराची नोट काढलीत तर त्या बाईची पंचाईत होते. शाळेची मुलं चढतात, उतरतात, भिक्षू येतात. भिक्षूंसाठी राखीव जागा असते, तिथे बसू नका. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नसतो, अगदी हातातून वस्तू द्यायचीही नसते.

अयुथ्थयाला उतरलं की स्टेशनसमोरच्या गल्लीतून सरळ नदीपर्यंत जा. तिथली छोटी होडी पाच-दहा बाटांत पलीकडे सोडते. जुनं शहर नद्यांनी वेढलेल्या बेटावर आहे. भाड्याची सायकल घ्या आणि अकराच्या आत ‘वट महाथात’ हे देऊळ बघा. वडाच्या जातीच्या झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं शिर तिथेच आहे. फोटो काढताना त्या शिरापेक्षा खाली बसायचं असतं. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने हे शहर जाळलं. बिनशिराच्या मूर्तींच्या रांगा बघताना मला वेरूळ-हंपीची आठवण झाली आणि मी बराच वेळ तिथे सावलीत बसून राहिले. दुपारी मुक्कामाच्या जागी जा, पंखा लावा, झोपा. साडेचारला पुन्हा बाहेर पडा.

दुपारची बस

अयुथ्थयाहून सकाळच्या गाडीने फित्सनुलोकला या, चार-पाच तास लागतात. इथून पुढे सुखोथायला रेल्वे नाही, बस आहे आणि तासाभराचा रस्ता आहे. बस नव्या सुखोथाय गावात थांबते. जुनी नगरी तिथून बारा किलोमीटरवर आहे, तिथे जायला सोंगथ्येव मिळतो. ‘सोंग थ्येव’ म्हणजे दोन ओळी: मालवाहू गाडीच्या मागे समोरासमोर दोन बाकडी, वर छप्पर. आपल्या वडापच्या जीपचाच हा भाऊ. चढण्याआधी ठिकाणाचं नाव सांगा, भाडं विचारा, उतरायचं असेल तेव्हा घंटीचं बटण दाबा. चियांग मायच्या लाल सोंगथ्येवचंही हेच.

सुखोथायहून चियांग मायला पाच-सहा तासांची बस आहे. ही बस बारानंतरची घ्या, म्हणजे सकाळी तळी आणि स्तूप बघून होतात आणि भर उन्हाची वेळ गार बसमध्ये जाते. सरकारी कंपनीला तिथे ‘बो खो सो’ म्हणतात. दुसऱ्या वर्गाची बस आपल्या लाल डब्यासारखी गावोगाव थांबते. चोवीस आसनी व्हीआयपी गाडीत पाय लांब करता येतात, पाण्याची बाटली आणि खाऊचा पुडा मिळतो. जेवणाच्या थांब्यावर उतरताना आपल्या बसचा फोटो काढा, नंबरसकट. एकाच रंगाच्या दहा बस रांगेत उभ्या असतात आणि थाई आकडे वाचायला वेळ लागतो.

मोठ्या सामानातून पासपोर्ट, पैसे आणि फोन काढून छोट्या पिशवीत ठेवा आणि ती मांडीवरच असू द्या. बँकॉकच्या पर्यटक वस्त्यांतून दक्षिणेकडे जाणाऱ्या स्वस्त खासगी रात्रबसमध्ये खालच्या कप्प्यातल्या सॅक उघडल्याच्या तक्रारी फार आहेत. सरकारी स्टँडवरून सुटणारी बसच घ्या.

रात्रीची बस मी शक्यतो टाळते. थायलंडच्या रस्त्यांवर अपघातांत मरणाऱ्यांचं प्रमाण जगातल्या सर्वांत वाईट देशांत मोडतं. दोनशे बाट वाचवण्यासाठी डोळे चोळणाऱ्या चालकाच्या भरवशावर डोंगर उतरू नये. चियांग मायहून ‘पाय’ नावाच्या गावाला जाणारी मिनीव्हॅन दिवसाचीच घ्या. त्या तीन तासांच्या रस्त्यावर ७६२ वळणं मोजतात. आंबेनळी घाटात पोट ढवळणाऱ्यांनी आधी गोळी घ्यावी.

रात्रीची आगगाडी

चियांग माय ते बँकॉक हा रुळांचा मार्ग सुमारे ७५० किलोमीटरचा आहे. रात्रीच्या गाड्यांत ९ आणि १० क्रमांकाची जोडी सगळ्यात नवी आणि स्वच्छ आहे. नऊ बँकॉकहून संध्याकाळी साडेसहा-सातला सुटते आणि सकाळी सातच्या सुमारास चियांग मायला पोचते. दहा नंबर उलट दिशेने येते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानाला हजार बाटांच्या आसपास पडतात, त्यात एका रात्रीचं हॉटेलभाडं वाचतं.

खालचा बर्थ थोडा महाग आहे, तोच घ्या. तो रुंद असतो आणि खिडकी त्यालाच असते. वरचा अरुंद, बिनखिडकीचा आणि दिव्याजवळ. सुरुवातीला समोरासमोरच्या खुर्च्या असतात. आठच्या पुढे कर्मचारी येतो आणि बघता बघता गादी, चादर, उशी घालून पडदा लावून देतो. आपल्या रेल्वेतल्यासारखं चादरीचं पाकीट फोडून स्वतः अंथरावं लागत नाही. काही रात्रगाड्यांना बायका आणि मुलांसाठी वेगळा डबा असतो. एकट्या मुलींनी आरक्षण करताना तो आहे का हे विचारावं. गाडीत आणि स्टेशनवर दारूला बंदी आहे. चहा-जेवण महाग पडतं, डबा बाहेरून घेऊन चढा.

उत्तरेकडे जात असाल तर पहाटे पाच-साडेपाचचा गजर लावा. खुन तानचा डोंगर तेव्हा येतो. तिथला १३५२ मीटरचा बोगदा शंभर वर्षांहून जुना आहे. बाहेर पडताना धुक्यात दिव्यांनी उजळलेलं टुमदार स्टेशन दिसतं, ५७८ मीटर उंचीवरचं. कसारा घाटातली पहाट ज्यांना आवडते त्यांनी हे झोपेत घालवू नये.

गाड्या उशिरा धावतात. पोचण्याच्या वेळेनंतर तीन तासांच्या आत दुसरं काही ठरवू नका, विमान तर मुळीच नाही.

कांचनाबुरी

थोनबुरीहून कांचनाबुरीकडे दिवसाला दोनच गाड्या जातात, एक सकाळी पावणेआठच्या पुढे आणि दुसरी दुपारी दोनच्या आत. परदेशी माणसाला तिकीट शंभर बाट. सकाळचीच घ्या. कांचनाबुरीच्या पुढे डाव्या खिडकीला बसा. थाम क्रासेला गाडी लाकडी खांबांच्या पुलावरून कड्याला घासत जाते आणि खाली नदी दिसते.

हे रूळ कोणी घातले ते मात्र जाणून जा. जपानी सैन्याने १९४२-४३ मध्ये ब्रह्मदेशापर्यंत ४१५ किलोमीटरचा हा मार्ग बांधून घेतला. बारा हजारांहून जास्त युद्धकैदी त्यात मेले. त्यांतल्या सुमारे सात हजारांच्या कबरी कांचनाबुरी स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर आहेत, प्रत्येकावर नाव, वय, पलटण. त्यांच्याहून कितीतरी जास्त मेले ते आशियाई मजूर: ब्रह्मी, जावाचे, मलायाच्या रबराच्या मळ्यांतून आणलेले तमिळ. त्यांच्या वाट्याला अशी नावानिशी ओळीतली स्मशानभूमी आली नाही. नदीवरच्या पुलावर लोक हसत फोटो काढतात, काढू देत. तुम्ही आधी स्मशानभूमीत जा, मग पुलावर. आपल्याच भागातली माणसं तिथे कुठे पुरली गेली हे कुणी विचारायला जात नाही, हे मला अजून टोचतं.

पुढे दक्षिणेला जायचं असेल तर बँकॉकला परतू नका. कांचनाबुरीहून दुपारच्या गाडीने नाखोन पाथोम स्टेशनला उतरा. बँकॉकहून दक्षिणेकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या तिथे थांबतात. आरक्षण तिथूनच करायचं. मधल्या दोन-तीन तासांत स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवरचा प्रचंड सोनेरी-केशरी स्तूप बघून होतो. ही युक्ती कळायला मला दोन खेपा लागल्या.

शाकाहाऱ्यांनी काय खायचं

थाई जेवण बाहेरून शाकाहारी दिसलं तरी आत माशाचा रस असतो. त्याला ‘नाम प्ला’ म्हणतात आणि तो आपल्या मिठासारखा सगळ्यात पडतो. पपईच्या सोम तम नावाच्या कोशिंबिरीत सुकट घालतात, आमटीत कोळंबीची चटणी. ‘व्हेज’ म्हटलं की भाजी घालून मासे येतात.

दोन शब्द पाठ करा. एक ‘जे’. पिवळ्या कापडावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. अशा दुकानात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, शिवाय कांदा-लसूणही नसतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना इथे निर्धास्त जेवता येईल. दुसरा ‘मांगसविरत’, म्हणजे आपला मांसविरत! त्यात अंडं चालतं. हातगाडीवर ‘जे’ म्हणा आणि पुढे ‘मै साय नाम प्ला’ जोडा, म्हणजे माशाचा रस घालू नका. हे थाई लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा, ते दाखवलं की काम सोपं होतं.

खाओ निअव, म्हणजे चिकट भात, कुठेही मिळतो. त्याचा गोळा करून घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीत बुडवला की कुठल्याही बस स्टँडवर जेवण होतं. पन्नास-साठ बाटांत ताटभर जेवता येतं. गर्दी आणि आंच दोन्ही असलेली गाडी निवडा.

ऊन

पाणी नळाचं पिऊ नका. गल्ल्यांत पाणी भरायची यंत्रं असतात, एका बाटात साधारण लिटरभर मिळतं, म्हणून मोठी बाटली जवळ ठेवा. मधोमध भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. गोड सरबतं तहान भागवत नाहीत. मागवताना ‘वान नॉय’ म्हणा, म्हणजे साखर कमी. मला शहाळं आणि नाम मनाव, म्हणजे लिंबाचं पाणी, सगळ्यात मानवलं. दिवसातून एकदा ओआरएस, तहान असो नसो.

डोकं दुखायला लागलं, घाम यायचा थांबला, मळमळलं, तर देऊळ राहू द्या. जवळच्या गार दुकानात शिरा, मानेवर ओला पंचा ठेवा, घोटघोट पाणी प्या. बरं वाटलं नाही तर १६६९ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. पर्यटक पोलिसांचा ११५५, तिथे इंग्रजी बोलतात. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, मलम सकाळीच लावा.

वागण्याबद्दल थोडंच. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले, चपला बाहेर, पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. हे आपल्याला सांगावं लागत नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. राजघराण्याबद्दल थट्टेनेही काही बोलू नका, त्याला तिथे तुरुंग आहे.

दक्षिणेकडे

चुंफोनला उतरलं तर को ताव बेट, पुढे सुरत थानीला उतरलं तर फांगान आणि सामुई. सुरत थानीचं स्टेशन शहरात नसून फुनफिन गावात आहे, तेरा-चौदा किलोमीटर अलीकडे. बेटावर जाणाऱ्या बोटीची बस स्टेशनबाहेरून मिळते, आणि रेल्वे, बस, बोट असं एकत्र तिकीटही निघतं. शहरात जायचं असेल तर साधी स्थानिक बस धरा.

आणि शहरात जाच, निदान एक संध्याकाळ. १९१५ साली राजा वजिरावुधने या गावाला आपल्या सुरतचं नाव दिलं आणि गावातून वाहणाऱ्या नदीला तापीचं. मी खानदेशातली, भुसावळला तापीचा पूल ओलांडत लहानाची मोठी झालेली. संध्याकाळी घाटावर उभी राहून एका आजींना नदीचं नाव विचारलं आणि त्या ‘ताऽपी’ म्हणाल्या तेव्हा मला पुढे काही बोलता येईना. घाटालगत रात्रीचा बाजार भरतो. तिथे नदीकडे तोंड करून जेवा.

इथून आणखी दक्षिणेला रेल्वे हाट याय करत मलेशियाच्या सीमेवरच्या पाडांग बेसारपर्यंत जाते. दोन्ही देशांची तपासणी त्याच स्टेशनात होते आणि पलीकडून बटरवर्थची लोकल मिळते. मलेशियात जाणार असाल तर तिथला प्रवेश अर्जही आधीच भरा. आणि तिथे उतरल्या उतरल्या घड्याळ एक तास पुढे करा, नाहीतर समोर उभी असलेली लोकल निघून जाईल.